लेझर थकला की काच मळली?

लेझर कटिंगवाल्यांच्या पत्रांत एक वाक्य हमखास असते: "मशीन जुने झाले, पॉवर उतरली." पुढे वाचत गेले की कळते, पॉवर कोणी मोजलेलीच नाही. कट बिघडला, म्हणजे पॉवर उतरली असणार, एवढाच आधार. कट बिघडायला डझनभर कारणे असतात. सोर्स, म्हणजे किरण तयार करणारा भाग, थकणे हे त्यातले एक. ते सर्वांत महाग, आणि बहुधा सर्वांत आधी सांगितले जाणारे. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोज्यातून आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ३ किलोवॉटचा फायबर लेझर आहे, सात वर्षे दोन शिफ्टमध्ये चालला आहे. १२ मिमी एमएस (साधे पोलाद) पूर्वी सहज कापायचा, आता खाली स्लॅग (वितळून थिजलेला कचरा) चिकटून राहतो आणि १० मिमीलासुद्धा स्पीड कमी करावा लागतो. स्क्रीनवर पॉवर १०० टक्केच दिसते. सर्व्हिसवाले म्हणतात सोर्स बदला. काय करावे? (वागळे इस्टेट, ठाणे)

आधी स्क्रीनवरच्या १०० टक्क्यांचे बघू. तो आकडा तुमच्या मशीनने सोर्सला दिलेला हुकूम आहे, सोर्सने दिलेला हिशेब नव्हे. बऱ्याच सोर्सच्या आत स्वतःचा पॉवर मॉनिटर असतो आणि डायोड, म्हणजे किरणाला ऊर्जा पुरवणारे भाग, थकू लागले की सोर्स त्यांना जास्त करंट देऊन पॉवर जागेवर ठेवतो. त्यामुळे वर्षानुवर्षे बाहेर काहीच कळत नाही. करंटची मर्यादा गाठली की मात्र उतार दिसायला लागतो. म्हणून सर्व्हिसवाल्यांकडे पहिली मागणी ही करा : सोर्सच्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण पॉवरला डायोडचा करंट किती लागतो तो लॉग काढून द्या, आणि बसवताना किती लागत होता तेही द्या. हे दोन आकडे न दाखवता कोणी सोर्स बदला म्हणत असेल, तर चेकबुक ड्रॉवरमध्येच राहू द्या.

तुमची तक्रार ऑक्सिजनने कापलेल्या जाड एमएसची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऑक्सिजन कटिंगमध्ये लोखंड स्वतः जळते आणि कापायला लागणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा त्या जळण्यातून येतो. म्हणजे तिथे लेझरइतकाच गॅसही काम करतो. सिलिंडरचा पुरवठादार बदलला का? ९९.५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन गॅस कटिंगच्या टॉर्चला चालतो, लेझरला ९९.९५ टक्के लागतो. आकड्यात फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, पण स्पीडवर तो स्पष्ट दिसतो. पत्र्याची खेप बदलली का? गंजलेला, पापुद्रे सुटलेला किंवा भलत्याच ग्रेडचा पत्रा आला की चांगला लेझरही रडतो. ही दोन कारणे तपासायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

मग पॉवर खरीच उतरली आहे का, हे कटवरून ओळखायचे कसे? ऑक्सिजन बाजूला ठेवा आणि नायट्रोजनवर ३ मिमी एसएस (स्टेनलेस स्टील) कापून बघा. नायट्रोजन काही जळवत नाही. धातू वितळवायचे काम एकट्या लेझरचे असते आणि गॅस फक्त वितळलेला रस खाली ढकलतो. त्यामुळे पॉवर कमी झाली की कापण्याचा कमाल वेग जवळपास त्याच प्रमाणात घसरतो. नवे नोझल (किरण आणि गॅस बाहेर पडतो ते टोक), स्वच्छ काच, नेहमीचा फोकस ठेवा आणि १०० मिमीच्या सरळ रेषा कापत दर रेषेला वेग पाच टक्क्यांनी वाढवा. ज्या वेगाला खालून पत्रा सुटत नाही तो लिहून ठेवा. मशीन बसवताना मिळालेल्या कटिंग चार्टशी तो ताडून पाहा. एसएसचा वेग चार्टच्या जवळ असेल आणि एमएसच रखडत असेल, तर सोर्सला निर्दोष सोडा. गॅस, नोझल, फोकस आणि पत्रा यांची चौकशी करा.

एसएससुद्धा मागे पडला, तरी लगेच सोर्स नाही. आधी कटिंग हेडची प्रोटेक्शन ग्लास, म्हणजे लेन्सचे रक्षण करणारी काच. बॅटरीचा टॉर्च तिरका धरून पाहिलात तर टिंब, ढगाळपणा, जळका ठिपका दिसतो. मळलेली काच पॉवर खाते हे सगळ्यांना माहीत असते. ती तापते आणि तापलेली काच फोकस हलवते, हे कमी जणांच्या ध्यानात येते. सकाळचे पहिले चार जॉब उत्तम, अर्ध्या तासाने बर (कडेला चिकटणारी खरबरीत धार) सुरू, चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा चांगले : हे लक्षण दिसले की डोळे मिटून समजा, पॉवर उतरलेली नाही, फोकस सरकतो आहे. थकलेला सोर्स चहा पिऊन ताजा होत नाही.

आणि स्वस्त काचांबद्दल एक हिशेब. कोटिंग नसलेल्या क्वार्ट्झ काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो. दोन पृष्ठभाग मिळून सात टक्के. ३ किलोवॉटमधले २०० वॉट नव्या कोऱ्या, स्वच्छ काचेतच गेले, आणि गेले ते वर हेडमध्ये! शंभर-दोनशे रुपये वाचवून आपण कॉलिमेटरची, म्हणजे किरण समांतर करणारी, लेन्स भाजत असतो. कोटिंग केलेल्या काचेत हे नुकसान एक टक्क्याच्याही खाली येते.

हे सगळे निस्तरल्यावरही उतार दिसला, तर तो कसा आला ते आठवा. रात्रीतून एकदम चौथाई पॉवर गेली आणि सोर्स चार मॉड्यूलांचा (स्वतंत्र भागांचा) असेल, तर एक मॉड्यूल गेले. ते बदलता किंवा दुरुस्त करता येते, अख्खा सोर्स बदलावा लागत नाही. तांबे, पितळ, ॲल्युमिनियमचे जॉब बरेच करत असाल तर परत फिरलेल्या किरणाने इजा झाली का, हेही विचारा. उतार हळूहळू, वर्षभरात आला असेल तरच डायोड थकल्याचा संशय घ्या.

प्रश्न : पॉवर मीटर घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा आणि मोजायचे कसे? आमच्याकडे ४ किलोवॉट फायबर आहे. (रबाळे)

घ्याच. कटिंगचे दोन-तीन महिने बिघडलेले जॉब फेकण्यात जेवढे जाते, त्यात मीटर बसतो.

दोन प्रकार बाजारात मिळतात. पहिला हातात धरायचा, कॅलरीमीटर पद्धतीचा : धातूच्या ठोकळ्यावर ठरावीक सेकंद किरण पाडायचा, ठोकळा किती तापला त्यावरून तो वॉट सांगतो. स्वस्त, पाणी लागत नाही, पण दर वेळी ठोकळा थंड होईपर्यंत थांबावे लागते. दुसरा थर्मोपाइल सेन्सरचा : किरण पडला की तो सतत रीडिंग देतो, म्हणून पॉवर स्थिर आहे की डुलते आहे तेही दिसते. किलोवॉटच्या कामाला त्याला पाण्याने थंड करावे लागते. रोजच्या शॉपफ्लोअरसाठी पहिला पुरेसा आहे. दोन-चार मशीन असतील आणि सोर्सचा वाद कंपनीशी घालायचा असेल तर दुसरा. दोन्हींत एक गोष्ट पाहा : मीटर तुमच्या तरंगलांबीसाठी आहे ना? फायबर सुमारे १०७० नॅनोमीटरचा, कार्बन डायऑक्साइड लेझर १०.६ मायक्रॉनचा, म्हणजे दहापट लांब. एका लेझरसाठी बनवलेला काळा थर दुसऱ्याचा प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषतो, आणि सेटिंग चुकले की रीडिंग चुकते.

सेन्सर कधीही फोकसवर धरू नका. तिथला किरण पोलाद कापतो, सेन्सरला काय सोडणार! फोकसच्या खूप खाली, किरण पसरल्यावर मोजायचे. अंदाज सोपा आहे : हेडमधला समांतर किरण २० मिमी रुंद आणि फोकस लेन्स १५० मिमीची असेल, तर फोकसच्या खाली १५० मिमीवर किरण पुन्हा २० मिमी रुंद होतो. त्याच्याही खाली, ठिपका सेन्सरच्या निम्म्या ते दोनतृतीयांश भागावर पसरेल असे अंतर ठरवा. ते अंतर एकदा ठरले की त्याची पट्टी कापून ठेवा, म्हणजे दर वेळी सेन्सर तिथेच बसेल.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण मीटर घेऊनही चुकीच्या आकड्यांवर भांडणारे लोक बरेच आहेत. पल्स मोड (किरण तुटक झटक्यांत) चालू राहतो, ड्यूटी (किरण चालू असण्याच्या वेळेचा वाटा) ५० टक्के असते आणि मीटर निम्मी पॉवर दाखवतो. मोजताना सतत मोड आणि १०० टक्के ड्यूटी हवी. असिस्ट गॅस, म्हणजे कापताना सोडायचा गॅस, पूर्ण दाबाने चालू राहतो आणि सेन्सरला फुंकर घालून थंड करतो, रीडिंग कमी येते. गॅस अगदी कमी ठेवा, पण काच सांभाळण्यापुरता थोडा असू द्या. नोझल मध्यावर नसले तर किरणाची कड नोझल खाते. सोर्स नुकताच चालू केलेला असतो. पंख्याचा झोत थेट सेन्सरवर असतो. यातले काहीच नाही असे झाल्यावर मगच रीडिंगला रीडिंग म्हणा.

एकाच पॉवरला मोजून थांबू नका. २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के असे पाच बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदूला तीन वेळा. हे पाच आकडे कागदावर मांडले की जवळपास सरळ रेषा यायला हवी. सगळीच रेषा सारख्या प्रमाणात खाली आली असेल तर वाटेत काहीतरी पॉवर खाते आहे : काच, लेन्स, नोझल. खालचे बिंदू बरोबर आणि ८० ते १०० च्या मध्ये रेषा आडवी पडली, तर सोर्सचा दम संपतो आहे. हा एक आलेख सर्व्हिस इंजिनिअरसमोर ठेवलात की चर्चेचा सूरच बदलतो.

शेवटी मीटरवर किती विश्वास ठेवायचा? चांगल्या मीटरची अचूकतासुद्धा अधिक-उणे तीन ते पाच टक्के असते. ४,००० वॉटच्या सोर्सला मीटर ३,८५० म्हणाला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण तोच मीटर, त्याच अंतरावर, त्याच पद्धतीने मागच्या दिवाळीत ३,९५० म्हणत होता आणि आता ३,४५० म्हणतो, तर ते सिद्ध होते. म्हणून खरी किंमत मीटरपेक्षा वहीची असते. मशीन चांगले चालते आहे त्या दिवशीच पहिले पान लिहा : तारीख, लेझर ऑन तास, पाच बिंदूंचे आकडे, चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) तापमान, काच कधी बदलली, मोजले कोणी. पुढे तीन महिन्यांनी एकदा पुरे, आणि काच किंवा लेन्स बदलल्यावर एकदा. मीटर दर वर्षी कॅलिब्रेट करून घ्यायला विसरू नका. ठोकळ्यावरचा काळा थर भाजून पांढुरका झाला की तोच मीटर खोटे बोलू लागतो.

प्रश्न : साइनबोर्डचे काम आहे. १०० वॉटची काचेची नळी असलेले मशीन, दीड वर्ष झाले. टेबलाच्या एका कोपऱ्यात ८ मिमी ॲक्रिलिक कापते, समोरच्या कोपऱ्यात कापत नाही. नळी विकणारा म्हणतो करंट वाढवा, नाहीतर नळी बदला. (तुर्भे)

दोन्ही नको, निदान अजून नाही. नळी कमजोर झाली असती तर सगळ्या टेबलावर सारखीच कमजोर दिसली असती. जवळच्या कोपऱ्यात चांगली आणि लांबच्या कोपऱ्यात वाईट, याचा अर्थ किरण वाटेत भरकटतो आहे. लांबच्या कोपऱ्यापर्यंत किरणाला दोनेक मीटर जास्त जावे लागते, तेवढ्यात तो थोडा पसरतो, आणि आरशाचा कोन जरा जरी चुकला असेल तर कडेवर आदळून कापला जातो. प्रत्येक आरशासमोर टेप लावून हेड जवळ आणि लांब नेऊन कमी पॉवरचे ठिपके घ्या. दोन्ही ठिपके एकावर एक यायला हवेत. येत नसतील तर आधीच्या आरशाचे स्क्रू. आरसे पुसायला विसरू नका, ॲक्रिलिकचा धूर त्यावर बसतोच.

अपेक्षा काय ठेवायची तेही बघा. प्रत्येक आरशात दोन टक्के आणि लेन्समध्ये दोन टक्के गेले असे धरले, तर तीन आरसे आणि एक लेन्स ओलांडून १०० वॉटचे ९२ वॉट उरतात. सगळे लखलखीत असताना! नळीच्या तोंडाशी १०० आणि लेन्सखाली ९० असतील तर मशीन निरोगी आहे. नळीशी १०० आणि लेन्सखाली ७० असतील तर दोष वाटेचा. नळीच्या तोंडाशीच ७० असतील, तर नळीचा किंवा तिच्या पॉवर सप्लायचा.

या शेवटच्या दोघांत निवाडा करायला मिलिअँपिअर मीटर लागतो. तो नळीच्या कॅथोडकडच्या, म्हणजे परतीच्या वायरमध्ये बसवतात, आणि बसवायचे काम इलेक्ट्रिशियननेच करावे, कारण दुसऱ्या टोकाला वीस हजार व्होल्टांच्या वरचा मामला आहे. बंद केल्यावरही सप्लाय काही वेळ चार्ज धरून बसतो. करंट लेबलवरच्या आकड्यापर्यंत पोहोचतो आणि तरी पॉवर कमी, तर नळी. करंटच पोहोचत नाही, तर सप्लाय. नळी उतरत आली की आतला गुलाबी-जांभळा प्रकाशही फिकट, पांढुरका दिसू लागतो.

करंट वाढवण्याचा सल्ला विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे. १०० वॉटच्या नळीला साधारण २६ ते ३० मिलिअँपिअरच्या आसपास मर्यादा असते. तिच्या वर गेले की पॉवर थोडी वाढते, आयुष्य मात्र झपाट्याने घटते. मर्यादेच्या दहा-पंधरा टक्के खालीच चालवा. आणि स्वस्त मिळाली म्हणून दोन वर्षांपूर्वी एक नळी माळ्यावर टाकून ठेवली असेल, तर तिच्यावर फार भिस्त नको. बंद नळीतूनही गॅस हळूहळू निसटतो, विशेषतः हेलियम. नळी ही साठवायची वस्तू नाही.

जाता जाता : ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर तुम्ही रोज पाट्या कापता, तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. पटेलांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. तुर्भ्यात एखादी पाटी त्यांच्या नावाची असायला हरकत नाही.

प्रश्न : दर पावसाळ्यात पॉवर कमी होते आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुधारते. फायबर मशीन आहे, बराचसा पातळ पत्रा कॉम्प्रेसरच्या हवेवर कापतो. (महापे)

प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पावसाळ्यात आपली हवा पाण्याने भरलेली असते. कॉम्प्रेसर ती दाबतो, पाणी सुटते, आणि ड्रायर दमला असेल तर ते पाणी थोड्या तेलासह थेट प्रोटेक्शन ग्लासवर जाऊन बसते. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होते, काचा टिकू लागतात, आणि पॉवर "सुधारते". परीक्षा सोपी : नोझल काढून कोऱ्या पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा सोडा. ओल किंवा पिवळट डाग दिसला तर लेझरकडे बघूच नका. टाकीचा ड्रेन रोज काढा, फिल्टरचे कार्ट्रिज पावसाळ्याच्या आधी बदला, रेफ्रिजरेटेड ड्रायरचा कंडेन्सर साफ करा. लेझरसाठी त्याच्या पुढे डेसिकंट (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही जुलैतल्या महाप्याची साधी दुपार. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे दव धरू लागते ते तापमान, सुमारे २७ अंश येतो. तुमच्या चिलरचे सोर्सकडे जाणारे पाणी २२ ते २५ अंशांचे. म्हणजे सोर्सच्या कॅबिनेटचा दरवाजा पाच मिनिटे उघडा राहिला तरी आतल्या थंड भागांवर दव धरणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तसे. डायोडवर किंवा ऑप्टिक्सवर दव धरले आणि कोणी बटण दाबले, की तो बिघाड दिवाळीपर्यंत थांबत नाही. कॅबिनेटचा एसी रात्रीही चालू ठेवा. वीज गेली असेल तर आल्यावर आधी एसी, आतली आर्द्रता उतरल्यावर चिलर, मग सोर्स. बंद करताना आधी सोर्स, मग चिलर. आणि "थंड पाण्याने पॉवर वाढते" म्हणून चिलर १८ वर आणणाऱ्या ऑपरेटरला कृपया थांबवा. कटिंग हेडकडे जाणारे दुसरे पाणी २८ ते ३० अंशांवर मुद्दाम ठेवलेले असते, तेही याच कारणाने.

प्रश्न : जुने ४ किलोवॉट कार्बन डायऑक्साइड मशीन आहे, गॅस वाहता ठेवणारा रेझोनेटर (किरण तयार होतो तो भाग). हेडपाशी ३,१०० वॉट मिळतात. खर्च करावा की फायबर घ्यावे? (ऐरोली)

हेडपाशी मोजलेत ते चांगले केले, आता दुसरा आकडा आणा. अशा रेझोनेटरमध्ये शटर बंद असताना आतल्या आत पॉवर मोजायची सोय बहुधा असते. आत ३,९०० दाखवत असेल तर ८०० वॉट वाटेत, म्हणजे आरशांत, लेन्समध्ये किंवा हवेत जात आहेत. हो, हवेत. १०.६ मायक्रॉनचा किरण थिनर आणि इतर सॉल्व्हंटची वाफ शोषून घेतो आणि पसरतो. शेजारी पेंट बूथ आहे का? डिझेलचा फोर्कलिफ्ट मशीनच्या हवेच्या तोंडाशी उभा असतो का? किरणमार्गाला कोरडी, स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन पुरेशा दाबाने जातो का, आणि घड्या पडणाऱ्या बेलोजला (किरणमार्गाच्या आवरणाला) भोके आहेत का, ते बघा. आपल्या पट्ट्यातल्या हवेत हा प्रश्न पुस्तकात असतो त्याहून जास्त भेडसावतो.

आतच ३,२०० असेल तर क्रम असा ठेवा : लेझर गॅसची शुद्धता आणि मिश्रण, पाण्याचे तापमान आणि प्रवाह, व्हॅक्यूमची गळती, गॅस फिरवणारा टर्बाइन, आणि सर्वांत शेवटी आतले आरसे व आउटपुट कपलर (किरण बाहेर सोडणारा आरसा). गळती तपासणे फुकट आहे : रेझोनेटर रिकामा करून व्हॉल्व्ह बंद करा आणि ठरावीक वेळात दाब किती चढतो ते मॅन्युअलशी ताडा. आतले आरसे मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय उघडू नका. लेन्स आणि कपलर झिंक सेलेनाइडचे असतात. तुटले किंवा जळले तर तुकडे हाताने गोळा करायचे नाहीत, धुरात उभे राहायचे नाही, पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्यायचे.

फायबरचा निर्णय पॉवरवर नाही, बिलावर आणि जॉबवर होतो. कार्बन डायऑक्साइड लेझर विजेचे साधारण दहा टक्केच प्रकाशात बदलतो, आजचा फायबर ३५ टक्क्यांच्या आसपास. ४ किलोवॉट किरणासाठी एकाला ४० किलोवॉट लागतात, दुसऱ्याला साडेअकरा. तासाला २८ युनिटांचा फरक, आणि वाया गेलेली उष्णता उपसणाऱ्या चिलरचे वेगळे. वर हेलियम फायबरला लागतच नाही. पातळ पत्रा बहुतेक असेल तर मी जुन्यावर मोठा खर्च करणार नाही. पण जाड एसएसची गुळगुळीत कड हे तुमचे नाव असेल, किंवा ॲक्रिलिक-लाकूडही कापत असाल, तर जुने मशीन नीट करून ठेवा. ॲक्रिलिक फायबरला कापताच येत नाही.

प्रश्न : आमचा ऑपरेटर नोझलला मास्किंग टेप लावून शॉट मारतो आणि ठिपका पाहून पॉवर सांगतो. बरोबर आहे का? (कळवा)

ठिपका नोझलच्या मध्यावर आहे का, एवढेच टेप सांगते. ते उपयोगाचे आहे, पण ती पॉवर नव्हे. कार्बन डायऑक्साइड लेझरवाले ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात किरणाचा खड्डा पाडून त्याचा आकार बघतात. गोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर किरणाची ठेवण चांगली. फायबरवर हा प्रयोग करू नका, तो किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो आणि मागे जो कोणी असेल त्याला लागतो.

हे प्रयोग चष्म्याशिवाय चालतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मीच लिहितो. फायबरचा किरण दिसत नाही आणि डोळ्याची लेन्स तो थेट पडद्यावर फोकस करते. पत्र्यावरून उडालेली तिरीपही पुरते. वेल्डिंगची काच किंवा साधा सेफ्टी गॉगल चालत नाही. गॉगलवर १०७० नॅनोमीटर ज्या पट्ट्यात येते ती तरंगलांबी आणि तिची ऑप्टिकल डेन्सिटी (काच किरण किती अडवते त्याचा आकडा) छापलेली हवी. दरवाजा उघडून मीटर लावताना खोलीत दुसरे कोणी नको.

प्रश्न : सेकंडहँड ६ किलोवॉट फायबर मशीन घेतोय. विकणारा म्हणतो "फक्त चार वर्षे जुने". काय तपासू? (तळोजा)

वर्षे विचारू नका, तास विचारा. त्यातही मशीन ऑन तास वेगळे आणि लेझर ऑन तास वेगळे. दोन्ही सोर्सच्या मेन्यूत असतात. अलार्मचा पूर्ण इतिहास फोटो काढून घ्या. विकणाऱ्याने आदल्या दिवशी तो पुसला असेल, तर तेही एक उत्तरच आहे. मॉड्यूल किती, त्यातले बदललेले किती, आणि पूर्ण पॉवरला प्रत्येकाचा करंट किती ते सॉफ्टवेअरमधून दाखवायला सांगा. एक मॉड्यूल बंद करून उरलेल्यांवर ओढाताण चाललेली मशीनही बाजारात फिरतात.

मीटर स्वतःचा न्या, किंवा भाड्याने न्या. वर सांगितलेले पाच बिंदू मोजा, आणि मग १०० टक्क्यांवर अर्धा तास सलग जाड पत्रा कापायला लावून पुन्हा मोजा. थंड मशीन सगळेच दाखवतात. गरम झाल्यावर पॉवर चार-पाच टक्क्यांहून जास्त उतरली तर चिलर, हेड किंवा सोर्स, यातले एक तुमच्या गळ्यात पडणार आहे. हेडच्या लेन्स उघडून पाहायला विकणारा "धूळ जाईल" म्हणून नकार देईल, आणि त्याचे ते बरोबर आहे. त्याऐवजी चालू मशीनमध्ये हेडच्या तापमानाचे रीडिंग बघा.

आणि सौदा ठरला तर मोजलेले आकडे, लेझर ऑन तास आणि सोर्सचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. मशीन तळोज्याला आणल्यावर, जागेवर बसवून, त्याच मीटरने पुन्हा मोजा. शेवटचा हप्ता त्यानंतर.